तापमान, उत्क्रांती आणि फळमाशीचे आयुष्य : खान्देशातील प्रयोगशाळेत हा प्रयोग कसा करावा

प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर प्रकल्पांसाठी ड्रोसोफिला या फळमाशीवरचा तापमानाचा प्रयोग पुष्कळ विद्यार्थी निवडतात, कारण त्याला खर्च कमी येतो आणि माश्या केळीच्या फणीवर आपणहून येतात. तरीही अशा अहवालांतील निष्कर्ष बरेचदा टिकत नाहीत. तापमान खोलीचे मोजले जाते, माशी ज्या नळीत वाढते त्या नळीचे मोजले जात नाही. अळी कोणत्या तापमानात वाढली आणि प्रौढ माशी कोणत्या तापमानात जगली, या दोन बाबींची सरमिसळ होते. सर्वांत मोठी चूक म्हणजे एका पिढीत उष्णतेमुळे दिसलेला फरक ‘उत्क्रांती’ या मथळ्याखाली लिहिला जातो. पुढील टप्पे या चुका टाळण्याच्या दृष्टीने मांडले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण पहिल्या चार टप्प्यांत राहिलेली उणीव नंतर कोणत्याही आकडेमोडीने भरून निघत नाही.

टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहावा

‘तापमानाचा फळमाशीवर परिणाम’ हा प्रश्न नव्हे, ते केवळ शीर्षक आहे. या विषयात किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी आहे.

पहिला प्रश्न असा की, अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत किती काळ लागतो आणि तो तापमानानुसार कसा बदलतो. येथे अंडी एकाच साठ्याची, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या एकत्र वाढवलेल्या माश्यांच्या समूहाची असतात आणि ती वेगवेगळ्या तापमानांत वाढवली जातात. दुसरा प्रश्न प्रौढ माशी किती दिवस जगते हा आहे. त्यासाठी सर्व माश्या एकाच तापमानात वाढवून, प्रौढ झाल्यावरच वेगवेगळ्या तापमानांत विभागाव्या लागतात. अळ्या २९ अंशांत वाढवून प्रौढही २९ अंशांतच ठेवले, तर आयुष्य कमी भरले ते बालपणीच्या उष्णतेमुळे की प्रौढपणीच्या, हे कधीच कळत नाही. तिसरा प्रश्न उत्क्रांतीचा आहे : दोन ठिकाणच्या किंवा दोन निवड-रेषांच्या (पिढ्यानुपिढ्या वेगवेगळी निवड करून वाढवलेल्या) माश्या सारख्याच तापमानात ठेवल्या, तरी त्या वेगळ्या वागतात का?

एका शैक्षणिक वर्षात पहिला प्रश्न नीट सुटतो आणि दुसराही वेळेवर सुरुवात केल्यास सुटतो. तिसऱ्याला हात घालायचा असेल, तर मांडणी जुलैमध्येच करावी लागते.

पडताळणी : ‘माझ्या प्रयोगात एकच गोष्ट बदलते आहे, ती म्हणजे ______’ हे वाक्य पूर्ण करून पाहावे. रिकाम्या जागी दोन शब्द लिहावेसे वाटले, तर मांडणी अजून पक्की झालेली नाही.

टप्पा २ : वेळापत्रक खान्देशच्या हवामानाप्रमाणे आखावे

तापी खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि जळगाव-भुसावळकडे ४५ अंशही नवलाचे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री चांगलाच गारठा पडतो. ड्रोसोफिला मेलानोगास्टर या आपल्या प्रयोगातील जातीचा अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण १२ ते ३२ अंशांच्या पट्ट्यातच पूर्ण होतो. म्हणजेच वैशाखात सिमेंटच्या छताखालची खोली या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर असते आणि थंडीत पहाटे त्याच्या खालच्या टोकाकडे सरकते.

आयुर्मानाचा प्रयोग लांबतो, आणि तोही नेमका थंड तापमानातच लांबतो. १८ अंशांतील माश्या तीन महिने सहज जगतात आणि शेवटच्या काही माश्या त्याहूनही पुढे जातात. हा प्रयोग डिसेंबरमध्ये सुरू केला, तर त्याचा शेवट एप्रिलच्या उन्हात येतो. तेव्हा विजेचा भरवसा सर्वांत कमी असतो आणि थंड करणाऱ्या यंत्रावरचा भार सर्वांत जास्त असतो. म्हणून माश्या जुलैत गोळा कराव्यात, आयुर्मानाची सुरुवात ऑगस्टअखेरपर्यंत करावी आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या नोंदींसाठी सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ ठेवावा.

टप्पा ३ : तापमानाची सोय आधी, माश्या नंतर

१८, २५ आणि २९ अंश सेल्सिअस ही तीन तापमाने पुरेशी आहेत. ३० किंवा ३१ अंशांचा मोह टाळावा, कारण तेथे वाढलेले नर वंध्य निघतात, मृत्यू वाढतात आणि ‘उष्णतेने वाढ जलद होते’ हा साधा संबंधच बिघडतो.

बहुतेक महाविद्यालयांत दोन प्रकारची कपाटे असतात. जीवाणू वाढवण्याचे साधे इन्क्युबेटर फक्त गरम करते, ते थंड करू शकत नाही. खोली ३४ अंशांवर असताना त्याचा काटा २५ वर लावला, तरी आत ३४ किंवा अधिकच असणार. या प्रयोगाला बीओडी इन्क्युबेटर लागते, कारण ते गरम आणि थंड अशी दोन्ही कामे करते. हा फरक न कळल्यामुळे वाया गेलेले प्रकल्प कमी नाहीत.

यंत्राच्या दारावरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. एका व्हायलमध्ये, म्हणजे माश्या वाढवण्याच्या छोट्या काचेच्या नळीत, नेहमीइतके खाद्य भरून त्यात थर्मामीटरचे टोक रोवावे, वर कापसाचा बोळा लावावा आणि ती व्हायल माश्यांच्या व्हायलींच्या मधोमध ठेवावी. वरच्या आणि खालच्या फळीत अंश-दीड अंशाचा फरक आढळणे सामान्य आहे. अळ्यांची दाटी असलेल्या व्हायलीत खाद्य स्वतःही किंचित तापते. त्यामुळे व्हायलींच्या जागा दररोज ठरलेल्या क्रमाने बदलाव्यात.

वीज गेल्यावर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. कपाटाचे दार उघडू नये. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्यास तापमान सावकाश बदलते. वीज जास्त वेळ जाणार असेल, तर १८ अंशांच्या व्हायली थर्मोकोलच्या खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्यांसह हलवाव्यात, मात्र बर्फ व्हायलीला टेकू देऊ नये. कमाल-किमान थर्मामीटर कपाटात कायम असावा आणि त्याची नोंद रोज सकाळी घ्यावी. रात्री तीन तास गेलेली वीज सकाळच्या एका वाचनात दिसत नाही, कमाल-किमानच्या नोंदीत दिसते.

आर्द्रता हा दुसरा मुद्दा आहे. आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की खाद्य आकसून काचेपासून सुटते, त्या फटीत अळ्या अडकतात आणि मरतात. हा मृत्यू कोरडेपणाचा असतो, पण अहवालात तो उष्णतेच्या नावावर चढतो. प्रत्येक कपाटात पाण्याचा पसरट ट्रे ठेवावा आणि तिन्ही तापमानांत आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास राखावी. घरगुती डेझर्ट कूलरने खोली थंड होते आणि ओलावाही मिळतो, परंतु दुपारी व रात्री त्याचे काम सारखे नसते. कूलर कपाटाचा भार हलका करायला वापरावा, कपाटाऐवजी वापरू नये.

प्रकाशही ठरलेला हवा. १२ तास उजेड आणि १२ तास अंधार असे चक्र टायमर लावून तिन्ही कपाटांत एकाच वेळी चालवावे. त्याचे कारण आठव्या टप्प्यात येईल.

पडताळणी : माश्या न ठेवता सात दिवस कपाटे चालवावीत. कमाल आणि किमान यांच्यातील फरक एका अंशाच्या आत राहत नसेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४ : माश्या मिळवणे आणि ओळखणे

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात माश्यांची वाण पडत नाही. पिकून काळी पडलेली दोन केळी सालीसह कुस्करून, त्यावर चिमूटभर यीस्ट टाकून, प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावीत आणि बाटली केळीच्या बागेत, वखारीजवळ किंवा फळांच्या हातगाडीमागे सावलीत टांगावी. एक-दोन दिवसांत चिलटे जमतात. पावसाळा आणि हिवाळ्याचा आरंभ हा उत्तम काळ आहे. मे महिन्यात उघड्यावर बाटली टांगून काही मिळाले नाही, तर नवल मानू नये.

आंबा-काकडीत अंडी घालणारी, शेतकरी ज्यासाठी मिथाइल युजेनॉलचे किंवा क्यू-ल्यूरचे सापळे लावतात ती फळमाशी वेगळ्या कुळातील आहे. तो सापळा आणून ड्रोसोफिला मिळणार नाहीत.

बाटलीत एकाच जातीच्या माश्या असतात, असे कधीही गृहीत धरू नये. आपल्या मैदानी भागात मेलानोगास्टरच्या जोडीने ड्रोसोफिला अननासी हमखास येते आणि अंगावर पांढरे लांब पट्टे असलेली झॅप्रिओनस इंडियानसही येते. झॅप्रिओनस नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. उरलेल्या दोघींसाठी नर पाहावा. मेलानोगास्टरच्या नराचे पोटाचे टोक ठळक काळे असते आणि पुढच्या पायावर एका सांध्याजवळ काळ्या राठ केसांची आखूड फणी असते. अननासीचा नर फिकट असतो आणि त्याची फणी पायाच्या एकाहून अधिक खंडांवर पसरलेली असते. मादीवरून जात ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. एकेका मादीला स्वतंत्र व्हायलीत ठेवावे आणि तिची पिल्ले निघाल्यावर नर पिल्लांवरून तिची जात ठरवावी. एका मादीपासून तयार झालेली अशी प्रत्येक व्हायल ही एक ‘रेषा’ होय.

याचे महत्त्व पुढे कळते. अननासी उष्ण प्रदेशाची माशी आहे आणि थंडीत मेलानोगास्टरइतका तग धरत नाही. मिश्र साठा १८ अंशांत ठेवला, तर दोन-तीन पिढ्यांत एक जात मागे पडते आणि विद्यार्थी लिहितो की ‘माश्या थंडीला जुळवून घेत उत्क्रांत झाल्या’. प्रत्यक्षात एक जात गेलेली असते, एवढेच.

सूचना : १८ अंशांत वाढलेली माशी आकाराने मोठी आणि पोटावर अधिक गडद असते, तर २९ अंशांतील लहान व फिकट असते. हा एकाच जातीतील, त्याच पिढीतील तापमानाचा परिणाम आहे. त्यामुळे ओळख पटवण्याचे काम २५ अंशांत वाढलेल्या नरांवरच करावे.

टप्पा ५ : खाद्य

भारतीय प्रयोगशाळांत रूढ असलेली रवा-गुळाची कृती येथे सर्वांत सोयीची आहे. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर-अगर आणि ७.५ मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल हे प्रमाण ठेवावे. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात अगर टाकून उकळावे, मग थंड पाण्यात कालवलेला रवा सोडून गुठळ्या न होऊ देता मिश्रण घट्ट होईपर्यंत ढवळत राहावे. आच बंद केल्यावर मिश्रण ६० अंशांच्या आसपास उतरले की प्रोपिओनिक आम्ल मिसळावे. उकळत्या मिश्रणात ते उडून जाते, आणि मग चौथ्या दिवशी बुरशी येते. आम्ल हाताळताना हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

प्रत्येक व्हायलीत ६ मिलिलिटर खाद्य भरावे. जाळीदार कापडाखाली रात्रभर वाफ जाऊ द्यावी. घाईने बोळा लावला, तर काचेवर पाणी साचते आणि माश्या त्यात चिकटून मरतात. वापरण्यापूर्वी पृष्ठभागावर यीस्टचे मोजके दाणे टाकावेत, सर्व व्हायलींत सारखे.

संपूर्ण प्रयोगाला लागणारा रवा आणि गूळ एकाच वेळी, एकाच पोत्यातून किंवा भेलीतून घ्यावा. खाद्य बदलले की वाढीचा काळ आणि आयुर्मान दोन्ही बदलतात. तीन तापमानांसाठी तीन वेगळ्या दिवशी खाद्य शिजवणे हीसुद्धा चूकच आहे. एकच पातेले शिजवून त्याच्या व्हायली तिन्हींकडे वाटाव्यात.

मुंग्यांचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करावा. कपाटाचे किंवा मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत. खडू किंवा फवारा वापरल्यास मुंग्यांबरोबर माश्याही जातात.

टप्पा ६ : दोन पिढ्या सारख्या परिस्थितीत

हा टप्पा कंटाळवाणा असल्यामुळे गाळला जातो, आणि तो गाळला की उत्क्रांतीविषयीचा प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद ठरतो. आई कोणत्या तापमानात वाढली, तिला खायला किती मिळाले, यांचा ठसा तिच्या अंड्यांच्या आकारावर आणि पिल्लांच्या वाढीवर उमटतो. बागेतून आणलेल्या मादीची पिल्ले थेट प्रयोगाला घेतली, तर आपण बागेची हवा मोजत असतो.

म्हणून सर्व रेषा २५ अंशांत, एकाच खाद्यावर, सारख्या दाटीत सलग दोन पिढ्या वाढवाव्यात आणि तिसऱ्या पिढीची अंडी प्रयोगाला घ्यावीत. २५ अंशांत दोन पिढ्यांना चार आठवडे लागतात. फार पिढ्या थांबणेही बरे नव्हे, कारण जंगली माश्या प्रयोगशाळेला जुळवून घेऊ लागतात आणि ठिकाणाठिकाणांतील मूळ फरक पुसट होत जातो.

टप्पा ७ : अंडी गोळा करणे

चार ते पाच दिवसांच्या माद्यांना दोन दिवस भरपूर यीस्ट द्यावे. नंतर पसरट बशीत अगर ओतून, त्यावर यीस्टचा पातळ लेप देऊन त्यांच्यापुढे ठेवावी. पहिल्या तासाची अंडी टाकून द्यावीत. माद्या काही अंडी पोटात रोखून धरतात, त्यांची वाढ आतच सुरू झालेली असते आणि अशा अंड्यांमुळे शून्य वेळ चुकते. त्यापुढील दोन-तीन तासांची अंडी घ्यावीत आणि त्या काळाचा मध्य हा शून्य क्षण समजावा.

ओल्या, बारीक कुंचल्याने प्रत्येक व्हायलीत मोजून ५० अंडी ठेवावीत. ‘अंदाजे चाळीस-साठ’ चालत नाही. दाटी वाढली की अन्न अपुरे पडते, वाढ लांबते, माश्या लहान निघतात आणि आकार लहान होण्याचा परिणाम उष्णतेसारखाच दिसतो. प्रत्येक तापमानाला प्रत्येक रेषेच्या किंवा साठ्याच्या किमान दहा व्हायली असाव्यात.

इशारा : दहा व्हायलींत ५०० अंडी असली, तरी आपली नमुनासंख्या ५०० नसून १० आहे. एका व्हायलीतील माश्या एकच अन्न, एकच दाटी आणि एकच ओलावा वाटून घेतात. विश्लेषण व्हायलीच्या सरासरीवर करावे. आकडा मोठा दिसावा म्हणून माश्या स्वतंत्र मोजल्या, तर नसलेला फरकही ‘लक्षणीय’ ठरतो.

टप्पा ८ : वाढीच्या नोंदी आणि त्यांचे गणित

२५ अंशांत अंडे साधारण एका दिवसात फुटते, अळी दोनदा कात टाकून चार दिवसांत कोषावस्थेला येते आणि कोषात आणखी चार-साडेचार दिवस जातात. एकूण काळ सुमारे दहा दिवसांचा होतो. १८ अंशांत तोच प्रवास सुमारे १९ दिवस घेतो, तर २९ अंशांत तो आठ दिवसांच्या आत-बाहेर संपतो. आपले आकडे यांच्या जवळपास यावेत. फार दूर असतील, तर आधी थर्मामीटर आणि दाटी तपासावी, नवा शोध लागल्याचे नंतर ठरवावे.

पहिला कोष दिसल्यापासून नोंदी दिवसातून किमान तीनदा घ्याव्यात आणि प्रौढ बाहेर पडू लागले की दर चार तासांनी घ्याव्यात. दिवसातून एकदाच पाहिले, तर २९ अंशांतील एकूण आठ दिवसांत एका दिवसाची चूक होते, म्हणजे आठवा हिस्सा. माश्या कोषातून सर्वाधिक बाहेर पडतात त्या उजेड सुरू होण्याच्या सुमारास, कारण हे बाहेर पडणे त्यांच्या शरीरातील दैनंदिन घड्याळाला बांधलेले असते. एका कपाटात दिवा सकाळी सहाला आणि दुसऱ्यात नऊला लागत असेल, तर तीन तासांचा फरक तापमानाच्या खात्यात जाऊन बसतो. मादी नरापेक्षा काही तास आधी बाहेर पडते, म्हणून दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

आता गणित. दिवसांची नव्हे, वेगाची तुलना करावी, म्हणजे १ भागिले दिवस. वरचे ढोबळ आकडे घेतले, तर १८ अंशांत वेग ०.०५२६ आणि २५ अंशांत ०.१००० येतो. सात अंशांत वेग ०.०४७४ ने वाढला, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.००६८. हीच रेषा खाली नेली, तर वेग शून्य होतो सुमारे १०.२ अंशांवर. हा वाढीचा काल्पनिक तळ आहे. त्याच्या वरचे प्रत्येक अंश आणि दिवस यांचा गुणाकार सुमारे १४८ अंश-दिवस भरला की माशी प्रौढ होते. २९ अंशांसाठी १४८ भागिले १८.८ केले, तर ७.९ दिवस येतात आणि प्रत्यक्ष मोजणीही तेथेच जाते. कापूस-मक्यावरील किडींचा अंदाज बांधताना कृषी विद्यार्थी जे अंश-दिवसांचे सूत्र वापरतात, ते हेच.

मात्र हे सूत्र पट्ट्याच्या मधल्या भागातच खरे आहे. त्यात ३५ अंश घातले, तर सहा दिवसांत माशी तयार व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात एकही बाहेर पडत नाही. टोकाच्या थंडीतही रेषा वाकते. जळगावच्या मे महिन्याची सरासरी घालून ‘उन्हाळ्यात माश्यांच्या किती पिढ्या होतात’ हे काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

न फुटलेली अंडी, न उघडलेले कोष आणि बाहेर आलेले प्रौढ यांची संख्या प्रत्येक व्हायलीसाठी लिहावी. २९ अंशांत वाढ जलद झाली, पण निम्मी अंडीच मेली असतील, तर आपण फक्त वाचलेल्यांचा वेग मोजला आहे.

टप्पा ९ : आयुर्मान

सर्व माश्या २५ अंशांत वाढवाव्यात, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या घ्याव्यात आणि मगच तीन तापमानांत वाटाव्यात. आयुष्याचा शून्य दिवस म्हणजे कोषातून बाहेर पडण्याचा दिवस, अंड्याचा नव्हे. १८ आणि २९ अंशांच्या तुलनेत अंड्यापासूनचे दिवस धरले, तर वाढीचा काळ दुसऱ्यांदा मोजला जातो.

नर व मादी वेगळे ठेवायचे की एकत्र, हे आधी ठरवावे. सहवासात मादी अंडी घालते आणि तिचे आयुष्य घटते. त्यामुळे एका तापमानात एकत्र आणि दुसऱ्यात वेगळे ठेवल्यास तुलना निरर्थक होते. कुमारी माद्या हव्या असतील, तर २५ अंशांत बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या काढाव्यात. प्रत्येक व्हायलीत दहा माश्या आणि प्रत्येक तापमानाला प्रत्येक लिंगाच्या किमान १०० माश्या असाव्यात.

माश्या बेशुद्ध करण्याचे ईथर फक्त पहिल्या वाटणीच्या वेळी आणि तेही कमीत कमी वापरावे. त्यानंतर माश्या बेशुद्ध न करता, व्हायलीवर व्हायल उलटी धरून, हलकेच आपटून नव्या खाद्यावर घ्याव्यात. दर दोन-तीन दिवसांनी हा बदल तिन्ही तापमानांत एकाच दिवशी करावा. ‘१८ अंशांत खाद्य चांगले दिसते, मग आठवड्याने बदलू’ असे केले, तर हाताळणी आणि जुने खाद्य हे दोन नवे फरक प्रयोगात शिरतात. थंड व्हायल बाहेर काढताच दमट हवेत तिच्यावर पाणी जमते, म्हणून नवी व्हायल आधी त्याच कपाटात तासभर ठेवावी.

प्रत्येक बदलाच्या वेळी तीन रकाने भरावेत : मेलेल्या, निसटलेल्या किंवा अपघाताने चिरडलेल्या, आणि जिवंत. निसटलेली माशी मेलेली नाही. तिला मृत धरले की आयुर्मान कमी भरते आणि मोजणीतून गाळली की माहिती वाया जाते. कापलान-मायर या, दिवसागणिक किती माश्या जिवंत उरल्या याचा वक्र काढण्याच्या पद्धतीत अशा माश्यांना ‘त्या दिवसापर्यंत जिवंत’ म्हणून जागा असते. तिन्ही तापमानांच्या वक्रांच्या तुलनेसाठी लॉग-रँक ही सांख्यिकीय चाचणी घ्यावी. सरासरीपेक्षा मध्य आयुर्मान सांगावे, म्हणजे निम्म्या माश्या संपल्या तो दिवस.

२५ अंशांत प्रयोगशाळेतील बहुतेक साठ्यांचे मध्य आयुर्मान दीड ते अडीच महिन्यांच्या दरम्यान असते. २९ अंशांत ते साधारण निम्म्याकडे झुकते आणि १८ अंशांत दुपटीकडे जाते. पहिल्या आठवड्यातच बऱ्याच माश्या मेल्या, तर ते वार्धक्य नव्हे. चिकट खाद्य, कोरडी हवा किंवा ईथरचा अतिरेक यांपैकी काहीतरी झालेले असते आणि प्रयोग नव्याने मांडणे हाच मार्ग उरतो.

निष्कर्ष लिहिताना ‘थंडीत माशी अधिक निरोगी असते’ असे लिहू नये. थंडीत शरीराच्या सगळ्याच क्रिया मंद होतात आणि मादी दिवसाला अंडीही कमी घालते. दिवस वाढले म्हणून संतती वाढली असे होत नाही. शक्य असेल, तर निदान वीस माद्यांची रोजची अंडी मोजावीत.

टप्पा १० : उत्क्रांतीचा प्रश्न

येथे सर्वांत जास्त घसरायला होते. तापमानाचा तात्काळ परिणाम आणि पिढ्यानुपिढ्यांच्या निवडीचा परिणाम हे केवळ वेगळे नसून उलट दिशांचेही असू शकतात. थंडीत वाढवलेली अळी सावकाश वाढते, हे वर आलेच. परंतु काही साठे वर्षानुवर्षे १६.५ अंशांत आणि काही २५ अंशांत राखून नंतर दोघांना एकाच तापमानात वाढवले, तेव्हा थंडीत राहिलेल्यांचे वंशज जलद वाढले. मंद करणाऱ्या परिस्थितीत जे त्यातल्या त्यात लवकर वाढले, त्यांचीच संतती उरत गेली, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण आहे. ज्याने फक्त १८ आणि २५ अंशांची एक पिढी पाहिली, तो ‘थंडीने मंद वाढ उत्क्रांत होते’ असे लिहील, आणि ते नेमके उलटे असेल.

खान्देशात या प्रश्नासाठी उत्तम जागा आहे. सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तर तापीकाठची गावे २०० मीटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणांहून किमान १५ ते २० मेलानोगास्टर माद्यांच्या रेषा घ्याव्यात. वनक्षेत्रात बाटल्या टांगण्यास परवानगी लागते, म्हणून गावातील घरे व फळविक्रेते यांच्याजवळून माश्या घेणे सोपे जाते. दोन पिढ्या २५ अंशांत काढून मग दोन्ही ठिकाणच्या अंड्यांना १८ आणि २९ अशा दोन्ही तापमानांत वाढवावे. चार गट तयार होतात. दोन्ही ठिकाणच्या माश्या तापमानाला सारखाच प्रतिसाद देत असतील, तर आलेखातील दोन रेषा समांतर दिसतील. तापमान कोणतेही असो, एका ठिकाणच्या माश्या सातत्याने पुढे असतील, तर तो वंशागत फरक. आलेखातील रेषांचा उतार वेगळा असेल, तर तापमानाला प्रतिसाद देण्याची पद्धतच वेगळी झाली आहे. असा फरक आढळला, तरी तो उंचीमुळेच आहे असे दोन गावांवरून म्हणता येत नाही, त्यासाठी दोन्ही उंचींवरची अनेक ठिकाणे लागतात. फरक न सापडणे हाही निकालच आहे आणि तो तसाच लिहावा.

निवडीचा प्रयोग स्वतः करायचा असेल, तर पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या चतुर्थांश माश्यांपासूनच पुढची पिढी घेत जावे. चौदा दिवसांच्या चक्राने जुलै ते मार्चमध्ये अठरा-एकोणीस पिढ्या होतात. तीन निवड-साठे आणि न निवडलेले तीन साठे, प्रत्येकात काहीशे माश्या, याहून कमी चालणार नाही. एकच निवड-साठा आणि एकच तुलना-साठा ठेवला, तर दिसलेला फरक निवडीचा की निव्वळ योगायोगाचा, हे सांगता येत नाही. जलद वाढीसाठी निवडलेल्या साठ्यांवरील आजवरच्या कामात माश्या लहान निघतात, अळ्यांचे जगण्याचे प्रमाण घटते आणि प्रौढांचे आयुष्यही आखडते, असे आढळले आहे. उलट, फक्त वयस्क माद्यांच्या अंड्यांपासून वंश चालवला, तर काही पिढ्यांत आयुर्मान वाढते आणि तारुण्यातील अंडी कमी होतात. अठरा पिढ्यांत हे सगळे दिसेलच असे नाही. वाढीच्या काळात थोडा फरक पडला, तरी तो पुरेसा मानावा.

एक निवड तर आपण नकळत करतच असतो. दर चौदा दिवसांनी साठा बदलताना फक्त तरुण माद्यांच्या अंड्यांना पुढे जागा मिळते. म्हाताऱ्या माशीचे जगणे-मरणे साठ्याच्या दृष्टीने कामाचेच राहत नाही. म्हणून कोणत्या साठ्याचे आयुर्मान मोजले, तो किती वर्षे आणि किती दिवसांच्या चक्राने राखला होता, हे अहवालात लिहावे. दुसऱ्या महाविद्यालयाच्या आकड्यांशी आपले आकडे जुळत नाहीत, त्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

अंतिम नोंदी आणि उन्हाळ्याची तजवीज

प्रत्येक व्हायलीच्या चिठ्ठीवर रेषेचे चिन्ह, पिढी, अंडी ठेवल्याची तारीख व तास, वाढीचे तापमान आणि प्रौढांचे तापमान अशा पाच बाबी पेन्सिलीने लिहाव्यात. शाई ओलाव्याने पसरते. सर्व तापमाने एकाच कपाटात आळीपाळीने घेता येत नसतील, तर निदान प्रयोगाची दुसरी फेरी कपाटांची अदलाबदल करून करावी, नाहीतर २९ अंशांचा परिणाम आणि ‘त्या’ कपाटाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत.

वापरलेल्या व्हायली धुण्यापूर्वी फ्रीजरमध्ये ठेवून किंवा कढत पाणी ओतून माश्या माराव्यात. त्या खिडकीतून सोडून दिल्यास त्याच माश्या चालू व्हायलींच्या बोळ्यांवर येऊन बसतात. मार्चअखेर रेषांचे दोन संच करावेत, एक आपल्या कपाटात १८ अंशांवर आणि दुसरा दुसऱ्या इमारतीत किंवा शेजारच्या महाविद्यालयात ठेवावा. १८ अंशांत खाद्य साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलले तरी चालते, त्यामुळे सुट्टीत कोणालातरी महिन्यातून एकदा येणे पुरते. साठा २९ अंशांवर राखू नये. तेथे पिढ्या भराभर होतात, पण कपाट अंश-दोन अंश वर सरकले की नर वंध्य होतात आणि एका आठवड्यानंतर व्हायलीत अंडी दिसतात, अळ्या दिसत नाहीत. असे आढळल्यास प्रौढांना लगेच २५ अंशांवर आणावे. काही दिवसांनी नरांची प्रजननक्षमता बहुधा परत येते आणि रेषा वाचते.